लांबच्या नळाला गरम पाणी लवकर कसं आणायचं: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गीझर मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये आणि भांडी घासायचं सिंक घराच्या दुसऱ्या टोकाला, ड्राय बाल्कनीत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ही मांडणी सर्रास दिसते. नळ सोडला की आधी गार पाणी, मग कोमट, आणि खरं गरम यायला लागेपर्यंत निम्मी भांडी विसळून झालेली असतात. वाशी-नेरूळच्या रो हाउसमध्ये तर सोलरची टाकी गच्चीवर आणि स्वयंपाकघर तळमजल्यावर, त्यामुळे तीन मजल्यांचा पाइप रिकामा व्हायची वाट बघायची.

यावर लोक सगळ्यात आधी दोन गोष्टी करतात: गीझरचं तापमान वाढवतात किंवा मोठा गीझर घेतात. दोन्हींचा या दुखण्याशी जवळजवळ संबंध नाही. गीझरमधलं पाणी तापलेलंच असतं. अडतं ते वाटेत. पाइपात उभं राहून गार झालेलं पाणी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागचं गरम पाणी नळाला येऊच शकत नाही. म्हणून सगळा हिशोब दोन आकड्यांचा आहे: गीझर ते नळ या पाइपात किती लिटर पाणी उभं आहे, आणि नळ मिनिटाला किती लिटर सोडतो. हे आकडे हातात नसताना प्लंबरला बोलावलं, तर ज्याला जे बसवता येतं तेच तो सुचवतो.

आधी मोजा

१. रात्रीच्या शेवटच्या वापरानंतर गरम पाण्याचा एकही नळ उघडू नका. सकाळी गीझर तापून दिवा विझला, की लांबचा नळ फक्त गरम बाजूला पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा.

२. येणारं सगळं पाणी बादलीत धरा. पाणी ४० अंशांवर आलं की वेळ थांबवा. थर्मामीटर नसेल तर हाताला नीट गरम लागेपर्यंत. मग एक लिटरच्या मापानं बादलीतलं पाणी मोजा. लिटर भागिले मिनिटं म्हणजे त्या नळाचा प्रवाह.

३. पाइप कुठून गेलाय ते शोधून लांबी मोजा. फ्लॅटमध्ये लाइन बहुधा लॉफ्टच्या उंचीवर चढते, पॅसेजमधून जाते आणि नळापाशी खाली उतरते. सरळ अंतरात प्रत्येक चढ-उताराचे २ ते २.५ मीटर मिळवा. घराची लांबी १० मीटर असली तरी पाइप सहज १५ मीटर निघतो.

४. पाइपाचा आकार पाहा. गीझरपाशी किंवा सिंकखाली क्रीम रंगाचा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप उघडा दिसतो. बाहेरचा व्यास १६ मिमीच्या आसपास असेल तर तो अर्धा इंची, २२ मिमी असेल तर पाऊण इंची, साडेअठ्ठावीस मिमी असेल तर एक इंची.

सीपीव्हीसीच्या नेहमीच्या जाडीच्या पाइपात दर मीटरला मावणारं पाणी साधारण असं: अर्धा इंचीत ०.१२ लिटर, पाऊण इंचीत ०.२५ लिटर, एक इंचीत ०.४२ लिटर. पाऊण इंची पाइपात अर्धा इंचीच्या दुप्पट पाणी बसतं, हे लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे निर्णय यावरच होतात. सिडकोच्या जुन्या घरांत आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत अजून जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप सापडतो. अर्धा इंची जीआयमध्ये मीटरला ०.२ लिटर पाणी असतं, शिवाय मीटरला सव्वा किलोच्या आसपास लोखंडही तापवावं लागतं. त्या लोखंडाची भूक आणखी ०.१३ लिटर पाण्याइतकी. म्हणून जुन्या घरात तेवढ्याच लांबीला जास्त वेळ लागतो.

आता उदाहरण. १५ मीटर पाऊण इंची लाइन, म्हणजे पावणेचार लिटर. सिंकच्या नळाला पाणी वाचवणारा, मिनिटाला ३ लिटरचा एरेटर (नळाच्या तोंडावरची जाळी). नुसतं गार पाणी जायला ७५ सेकंद. वाटेत गरम पाणी पाइपाला उष्णता देत आणि गार पाण्यात मिसळत येतं, त्यामुळे प्रत्यक्षात दीड मिनिटाच्या पुढे. हीच लाइन अर्धा इंची असती तर १.८ लिटर आणि पाऊण मिनिटाच्या आसपास.

बादलीतलं पाणी आणि पाइपाचा हिशोब यांची तुलना करा. बादलीतलं पाणी हिशोबाच्या सव्वा ते दीडपट असेल तर दोष पाइपाच्या लांबीचा आहे, बाकी सगळं ठीक आहे. लिटर हिशोबात बसतात पण वेळ फार लागतो, तर नळाला पाणी कमी येतंय. आणि बादलीत दुप्पट-तिप्पट पाणी जमलं तरी गरम येत नसेल, तर गार पाणी कुठून तरी गरम लाइनमध्ये घुसतंय. शेवटच्या दोन बाबतींत नवीन काही विकत घेण्याआधी दुरुस्ती करा.

पैसे न घालता सुधारणारे दोष

पाणी कमी येत असेल तर एरेटर उघडून जाळी धुवा. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येणाऱ्या घरांत, आणि उन्हाळ्यात घोडबंदर रोडकडच्या बऱ्याच सोसायट्यांत ते येतंच, जाळीवर क्षाराचा पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की तो सुटतो. मग सिंकखालचा गरम बाजूचा अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाइपावरचा छोटा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा आहे का पाहा. नळ बसवताना अर्धवट उघडून सोडलेला अँगल कॉक वर्षानुवर्षं तसाच राहतो. गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व्हही तपासा.

गार पाणी घुसण्याचा दोष जास्त फसवा आहे, कारण गळती दिसत नाही. चाचणी सोपी आहे. गीझरला गार पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करा, गीझरचं बटणही बंद ठेवा, आणि लांबच्या नळाची फक्त गरम बाजू उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. धार चालूच राहिली, तर गीझरला वळसा घालून गार पाणी गरम लाइनमध्ये येतंय. मग घरातल्या एकेका मिक्सरचे (गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाचे) अँगल कॉक बंद करत जा. ज्याच्यामुळे धार थांबते तो दोषी.

बहुतेकदा सापडतो तो हँड शॉवर किंवा कमोडजवळचा जेट. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पाणी फक्त हातातल्या बटणावर बंद करायची सवय असते. अशा वेळी मिक्सरच्या आत गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि ज्या बाजूचा दाब जास्त, ती दुसरीत शिरते. उपाय म्हणजे वापर झाल्यावर मिक्सर बंद करणं. सवय बदलणार नसेल तर मिक्सरच्या दोन्ही इनलेटवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) बसवा. एकाच दांड्याच्या मिक्सरचं कार्ट्रिज (आतला बदलता येणारा भाग) झिजलं तरी हेच होतं; ते बदलायचं.

उपाय कसा निवडायचा

पाइपात दीड लिटरपेक्षा कमी पाणी असेल तर काही बसवू नका. तेवढं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला किंवा कुंड्यांना वापरा. फ्लॅटमध्ये एकच नळ लांब असेल तर तिथे छोटा गीझर, हा बहुतेकांसाठी सगळ्यात कमी भानगडीचा मार्ग. घराचं नूतनीकरण चालू असेल तर लाइनच नव्यानं आखा. रो हाउस किंवा ड्युप्लेक्समध्ये एकाच दूरच्या टोकाला दोन-तीन नळ असतील, आणि गरम पाणी सोलरचं असेल, तरच परतीची लाइन (पाइपातलं गार पाणी टाकीकडे परत नेणारा पाइप) आणि पंप यांचा विचार करा. फ्लॅटमध्ये एका सिंकसाठी पंप बसवणं बहुधा हौसेचा मामला असतो.

लांबच्या नळापाशी छोटा गीझर

बाजारात यासाठी दोन जाती आहेत: ३ लिटरचा इन्स्टंट, बहुधा ३ किलोवॉटचा, आणि ६ लिटरचा स्टोरेज. इन्स्टंटकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी पाहा. ३ किलोवॉट मिनिटाला २.४ लिटर पाणी २४ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत चढवू शकतात, त्यापेक्षा जास्त नाही. आपल्याकडे हिवाळ्यातही टाकीचं पाणी फार गार नसतं, त्यामुळे सिंकला आणि वॉश बेसिनला हे पुरतं. आत साठलेले ३ लिटर आधी मिळतातच. पण नळाचा प्रवाह मिनिटाला ८-१० लिटर असेल तर ते ३ लिटर भराभर संपतात आणि मागून कोमट येतं. मिनिटाला ३ लिटरचा एरेटर लावणं हा इथे गीझरइतकाच महत्त्वाचा भाग आहे. शॉवरसाठी इन्स्टंट घेऊ नका.

जोडणीचे दोन प्रकार. पहिला: छोट्या गीझरला गार लाइनमधून पाणी, आणि मोठ्या गीझरकडून येणारी जुनी गरम लाइन त्या नळापुरती डमी (बुच) लावून बंद. सोपा आणि निर्धोक. दुसरा: छोटा गीझर जुन्या गरम लाइनच्याच शेवटी बसवायचा. नळ उघडला की छोट्या टाकीतलं गरम पाणी ताबडतोब मिळतं आणि पाइपातलं गार पाणी छोट्या टाकीत जातं. ते संपेपर्यंत मोठ्या गीझरचं किंवा सोलरचं पाणी पोहोचतं. सोलर असलेल्या घरात यानं वीज वाचते. अट अशी की छोटी टाकी पाइपातल्या पाण्याच्या दीडपट तरी हवी. पावणेचार लिटरच्या लाइनला ६ लिटरचा गीझर. आणि इनलेटला किती तापमानाचं पाणी चालतं हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ६०-७० अंशांवर येतं, त्यानं काही इन्स्टंट गीझरचा कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो.

बसवायचा क्रम:

१. जागा. पाइप खाली, टाकी वर, भिंतीवर उभा, हीच बहुतेक मॉडेल्सची रीत. सिंकखाली किंवा आडवा बसवायचा असेल तर त्याच कामासाठी बनलेलंच मॉडेल घ्या. उभा गीझर आडवा टांगला तर हीटिंग कॉइलचा काही भाग पाण्याबाहेर राहतो आणि ती जळते.

२. दाब. गीझरवर तो सोसेल त्या दाबाचा साडेसहा किंवा ८ बार असा आकडा असतो. १० मीटर उंचीला १ बार. गच्चीच्या टाकीखाली वीस मजले म्हणजे सुमारे ६ बार. टॉवरमध्ये ठराविक मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, पण ते बिघडतातही. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर ८ बारचाच गीझर घ्या.

३. वीज. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). मिक्सर-ग्राइंडरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून गीझर चालवू नका. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो; दोन एसी, इंडक्शन आणि जुना गीझर यांत हे ३ किलोवॉट बसतात का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंगही मोजून घ्या, विशेषतः जुन्या इमारतीत.

४. पाणी. गार बाजूच्या अँगल कॉकवर टी (तीन तोंडांचा जोड), तिथून स्टीलच्या जाळीची कनेक्शन नळी, मग गीझरसोबत आलेला मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) बाणाच्या दिशेनं गीझरच्या निळ्या इनलेटवर. लाल आउटलेटमधून तशीच नळी नळाच्या गरम बाजूला. सीपीव्हीसीचा पाइप गीझरच्या तोंडाला थेट चिकटवू नका. कॉइलजवळची उष्णता त्याला मानवत नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप ८-१० फेरे, आट्यांच्या दिशेनंच.

५. आधी पाणी, मग वीज. गरम बाजू उघडून हवा निघेपर्यंत आणि अखंड धार येईपर्यंत थांबा. रिकाम्या गीझरला करंट दिला तर कॉइल मिनिटभरात जाते, आणि ती वॉरंटीत बसत नाही.

मल्टिफंक्शन व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून तो बुच मारून बंद करणारे महाभाग आहेत. तसं कदापि करू नका. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांना तापताना सुमारे २०० मिली फुगतं आणि त्याला बाहेर पडायला तीच वाट आहे. थेंबांचा त्रास होत असेल तर बारीक नळी लावून मोरीत सोडा.

टँकरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइलवरचा थर काढून घ्या आणि स्टोरेज गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का पाहा. तो झिजला की गंज टाकीलाच धरतो.

इथे गॅस गीझरचाही विचार मनात येतो, कारण दोन्ही शहरांत महानगर गॅसची पाइपलाइन बऱ्याच घरांत पोहोचली आहे. तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. बंद बाथरूममध्ये तो कधीही बसवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सिलिंडरवरचा गीझर पाइपगॅसवर तसाच चालत नाही, त्याचे जेट वेगळे असतात. आणि पेटायला त्याला मिनिटाला साधारण अडीच लिटरचा प्रवाह लागतो, म्हणून बारीक एरेटरच्या नळावर तो पेटतच नाही किंवा पेटून विझत राहतो. ड्राय बाल्कनी खरंच उघडी असेल तर ठीक. काचा लावून बंद केली असेल तर नाही.

नूतनीकरणात लाइन नव्यानं आखताना

प्लंबर सवयीनं सगळीकडे पाऊण इंची ओढतो, आणि काही जण भरपूर पाणी यावं म्हणून एक इंची मागून घेतात. गरम पाण्याच्या बाबतीत हे उलटं पडतं. बेसिन आणि सिंकला गीझरपासून थेट, स्वतंत्र अर्धा इंची लाइन द्या. मध्ये दुसरा फाटा नको. शॉवरला पाऊण इंची. गीझरच्या आउटलेटला छोटा मॅनिफोल्ड (एका तोंडातून अनेक फाटे देणारा जोड) लावून तिथूनच या शाखा काढल्या की प्रत्येक नळ फक्त स्वतःच्या पाइपातलं गार पाणी फेकतो.

पण अर्धा इंची सगळीकडे चालत नाही, दाब बघावा लागतो. १५ मीटर अर्धा इंची सीपीव्हीसीतून मिनिटाला ६ लिटर पाणी नेताना १.३ मीटर उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात जातो, एल्बो धरले तर दोन मीटरच्या आसपास. मिनिटाला १० लिटर नेताना तो सरळ पाइपातच तीन मीटरच्या पुढे जातो. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीच्या टाकीची उंचीच तीन-चार मीटर असते, म्हणजे तिथे शॉवरला अर्धा इंची लाइन दिली तर गरम बाजूला धार उरत नाही. पाऊण इंचीत त्याच १० लिटरला अर्धा मीटर जातो. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवरसाठी पाऊण इंची हवीच, आणि सिंकची अर्धा इंचीसुद्धा दहा मीटरच्या आत ठेवा.

पाइपाची वाट जमिनीखालून, म्हणजे बाथरूमच्या सन्क स्लॅबमधून (लादीखालच्या खोलगट स्लॅबमधून) नेऊ नका. तिथला जोड गळला तर पाणी खालच्यांच्या छतात उतरतं आणि मग सोसायटीत कोणाची गळती यावर वर्ष जातं. फॉल्स सीलिंगच्या वर आणि पॅसेजच्या लॉफ्टमधून न्या. डक्टमध्ये हात घालायचा असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी. सीपीव्हीसीचे जोड त्याच्याच सोल्युशननं, पाइप पाव फेरा फिरवत घालायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. दाबाची चाचणी दुसऱ्या दिवशी, आणि टाइल्स त्यानंतर. पांढरा यूपीव्हीसी गरम लाइनला चालत नाही, स्वस्त पडला तरी.

सगळ्यात मोठा फायदा मात्र गीझर हलवण्यात आहे. दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, पॅसेजच्या लॉफ्टवर तो बसला तर कुठलीच लाइन सात-आठ मीटरच्या वर जात नाही. भरलेल्या २५ लिटरच्या गीझरचं वजन ३५ किलोच्या आसपास असतं, तेव्हा त्याला विटांची किंवा काँक्रीटची भिंत द्या, पार्टिशन नको.

रो हाउस: परतीची लाइन आणि पंप

गच्चीवरून तळमजल्याच्या स्वयंपाकघरापर्यंत १७ मीटर पाऊण इंची लाइन धरू. सव्वाचार लिटर गार पाणी. परतीची कल्पना अशी: शेवटच्या नळापाशी गरम लाइनला टी लावून तिथून अर्धा इंची पाइप पुन्हा टाकीकडे न्यायचा. पंप चालला की उभं राहिलेलं गार पाणी मोरीत न जाता टाकीत परततं आणि नळापाशी गरम पाणी येऊन थांबतं.

इथे पहिली चूक पंपाच्या आकारात होते. पाणी तीन मजले वर चढवायचं म्हणून अर्ध्या एचपीचा पंप गळ्यात मारला जातो. प्रत्यक्षात हे बंद वर्तुळ आहे; उतरणाऱ्या पाण्याचं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं, पंपाला फक्त घर्षणाशी झगडायचं असतं. मिनिटाला ४ लिटरला ते या लांबीत सगळे जोड धरूनही दीड मीटरच्या आसपास. ४ ते ६ मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीइतका दाब देणारा, छोटा सर्क्युलेशन पंप भरपूर झाला. त्याची बॉडी पितळी, ब्राँझची किंवा स्टेनलेस स्टीलचीच हवी. बिडाची बॉडी सतत नवं पाणी येणाऱ्या लाइनमध्ये गंजते आणि काही महिन्यांत नळाला तांबूस पाणी येतं.

क्रम:

१. शेवटच्या नळाच्या अँगल कॉकच्या अलीकडे टी. टीपासून नळापर्यंत अंतर अर्ध्या मीटरच्या आत, नाहीतर तेवढं गार पाणी राहतंच.

२. परतीची अर्धा इंची लाइन वर. त्यात गाळणीसाठी वाय-स्ट्रेनर, मग पंप, मग स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग बॉल व्हॉल्व्ह. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पंप काढताना पाइप कापावा लागत नाही.

३. परतीचा शेवट टाकीच्या गार इनलेटमध्ये. तिथे गार पाणी देणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तोही बसवा, म्हणजे पंप गरम पाणी ओव्हरहेड टाकीत ढकलणार नाही. तो बसवल्यावर सोलर टाकीचा व्हेंट पाइप उघडा आहे ना, हे पाहा. फुगणाऱ्या पाण्याला आता तीच वाट.

४. पंप वर्तुळाच्या सगळ्यात उंच ठिकाणी नको. हवा तिथेच साठते. त्या उंच जागी एअर व्हेंट द्या.

५. स्वयंपाकघरात बेलसारखं पुश बटण, त्याला दोन मिनिटांनी बंद होणारा टायमर, आणि शेवटच्या टीपाशी पाइपाला बांधलेला थर्मोस्टॅट, ३८ ते ४० अंशांवर पंप थांबवणारा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरला तर वेगळाच प्रकार होतो: नळ उघडला की पाणी दोन्ही वाटांनी येतं, गरम लाइनमधून गरम आणि परतीतून गार. लोक म्हणतात पंप बसवल्यावर पाणी आणखीच कोमट झालं, आणि ते खरं असतं.

पंप दिवसभर चालू ठेवू नका. येता-जाता मिळून साधारण ३० मीटर उघडा पाइप हवेपेक्षा २५ अंश गरम ठेवला तर ४५० वॉटच्या आसपास उष्णता हवेत जाते, दिवसाला दहा युनिटांहून जास्त. इन्सुलेशन केलं तरी चार युनिटं. शिवाय सोलर टाकीत वर गरम, खाली गार असा थर असतो, तो सततच्या फिरण्यानं मोडतो आणि संध्याकाळी सगळीच टाकी कोमट. बटण दाबून दीड मिनिट पंप चालवला तर यातलं काही होत नाही.

परतीची लाइन टाकता येत नसेल तर

सिंकखाली गरम आणि गार लाइनमध्ये बसणारा थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्ह मिळतो. गीझरपाशी किंवा सिंकखाली छोटा पंप; गार झालेलं पाणी गार लाइनमधून उलटं पाठवलं जातं आणि चाळिशीच्या आसपास गरम पाणी आलं की व्हॉल्व्ह मिटतो. भिंत फोडावी लागत नाही, म्हणून मोह होतो. पण आपल्याकडच्या फ्लॅटला हा उपाय नीट बसत नाही. गार नळाला काही वेळ कोमट पाणी येतं. त्याच गार लाइनवर स्वयंपाकघरातला आरओ असतो, आणि त्याच्या मेम्ब्रेनला ४० अंशांपुढचं पाणी सोसत नाही. शिवाय गार पाणी सोसायटीच्या सामायिक राइझरमधून (सगळ्या मजल्यांना पाणी देणाऱ्या उभ्या पाइपातून) येतं, तेव्हा फ्लॅटच्या इनलेटवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तुमचं कोमट पाणी शेजाऱ्यांकडे. करायचंच असेल तर आरओची शाखा बायपासच्या बरीच आधी, इनलेटजवळून काढा आणि पंप फक्त बटणावर ठेवा.

इन्सुलेशन कुठे उपयोगी, कुठे नाही

सकाळच्या पहिल्या नळाला इन्सुलेशनचा उपयोग शून्य. रात्रभरात पाणी गार होतंच. फायदा आहे तो पाठोपाठच्या वापराला. पाऊण इंची उघड्या सीपीव्हीसीतलं ५० अंशांचं पाणी २७ अंशांच्या हवेत ४० वर यायला अंदाजे वीस मिनिटं लागतात. १३ मिमी जाडीचं नायट्राइल रबर चढवलं तर पन्नास मिनिटांच्या आसपास. चार माणसं लागोपाठ आंघोळ करतात आणि मग भांडी घासली जातात अशा घरात हा फरक जाणवतो.

पाऊण इंचीसाठी २२ मिमी भोकाची नळी घ्या. लाइन नवी असेल तर जोड चिकटवण्याआधी नळी पाइपावर सरकवा. जुनी असेल तर उभी चिरून बसवा आणि शिवण त्याच्याच गोंदानं बंद करा. एल्बोपाशी ४५ अंशांत कापून जोडा, तिथे मोकळी जागा सोडू नका. गच्चीवर वरून अॅल्युमिनियमचं आवरण हवंच: उन्हानं रबर तडकतं, सीपीव्हीसीही ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यात शिवणीतून पाणी शिरलं की ओलं इन्सुलेशन असून नसल्यासारखं. क्लॅम्प आवळू नका. १० मीटर सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला की सुमारे २५ मिमी वाढतो. घट्ट धरला तर एल्बोपाशी तडा जातो.

सोसायटीचं सामायिक सोलर

बऱ्याच नव्या इमारतींत गच्चीवर सामायिक सोलर आहे आणि गरम पाण्याचा राइझर डक्टमधून खाली येतो, पण परतीची लाइन नसते. पहाटे पहिला उठणारा पूर्ण राइझर मोरीत सोडतो. एका फ्लॅटमध्ये दिवसाला २० लिटर असं वाया गेलं तर १०० फ्लॅटचे २००० लिटर, म्हणजे पाच दिवसांत १० हजार लिटरचा एक टँकर. कमिटीपुढे हा विषय मांडताना हेच गणित आपल्या इमारतीच्या बादलीनं मोजून न्या. सोयीपेक्षा टँकरच्या बिलाला लोक लवकर हात वर करतात.

दुरुस्ती अशी: प्रत्येक राइझरच्या तळाशी, शेवटच्या फ्लॅटच्या फाट्यानंतर परतीची लाइन, ती गच्चीवरच्या टाकीपर्यंत. एकापेक्षा जास्त राइझर असतील तर प्रत्येक परतीवर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (प्रवाह सारखा वाटणारा), नाहीतर पंपाजवळचा राइझर सगळं पाणी ओढतो आणि लांबचा गारच राहतो. पंप टायमरवर पहाटे ५ ते ८, त्यात परतीच्या तोंडाशी थर्मोस्टॅट, ४५ अंशांवर थांबणारा. राइझरला इन्सुलेशन नसेल तर आधी ते करा, पंप नंतर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं आणि टाकी कोमट असते; त्या महिन्यांत थर्मोस्टॅट पंप कधीच थांबवत नाही आणि तो तीनही तास फुकट फिरतो, तेव्हा टाकीत बॅकअप हीटर नसेल तर पावसाळ्यात टायमर बंद ठेवा.